अनुभव धागा: सीमाभागातली मांजरं आणि त्यांची खेळणी

मिरगाचा पाऊस लागला की मांजर घरात अडकतं आणि घरातली माणसं मांजराच्या तावडीत सापडतात. पडदे, पायाचे अंगठे, देवघरातल्या वाती, सगळं खेळणंच. बेळगावात आता पिसं लावलेल्या काठ्या आणि सेलवर पळणारे उंदीर दुकानात टांगलेले दिसतात, पण त्यातलं टिकतं किती आणि पोटात जातं किती, हे पाळणाऱ्यालाच ठाऊक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, भालकी, कुठूनही लिहा. तुमचं मांजर कशाशी रमतं, कशामुळे धावपळ झाली, काय कायमचं कपाटात गेलं. उपदेश कमी करा, माहिती जास्त द्या.

वडगाव, माग असलेल्या घरातून

आमच्याकडे खाली माग, वर आम्ही. धागा नाही असा कोपरा घरात नाही. मांजराला लोकरीचा गुंडा देतात ते चित्रातच बरं दिसतं, एवढं आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमचा बोका जेवायला येईना. पाणी प्यायचा आणि ओकायचा. कपाटामागे जाऊन बसायचा, पोटाला हात लावला की अंग चोरायचा. जाऊबाईंनी तोंड उघडून बघितलं तर जिभेखाली केशरी धाग्याचा फास. दीर तो ओढायलाच निघाले होते. फोनवर डॉक्टर जवळजवळ ओरडले, "हात लावू नका, तसाच घेऊन या."

कारण त्यांनी मग नीट समजावलं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला धागा त्यांच्यामुळे आतच सरकतो, बाहेर टाकायचं मनात आलं तरी जमत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं पुढे ढकलत राहिलं की परकराची नाडी ओढल्यावर पडतात तशा त्याला चुण्या पडतात. अशा वेळी ओढलं तर धागा आतून आतडं कापतो. मागच्या बाजूने धागा लोंबताना दिसला तरी तोच नियम, ओढायचा नाही. बोक्याचं आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं. वाचला. खर्चाचा आकडा लिहीत नाही, सासूबाईसुद्धा हे वाचतात.

आता त्याचं खेळणं म्हणजे धागा गुंडाळायची प्लास्टिकची कांडी, तीही रिकामी. बोट फिरवून एक तंतूसुद्धा राहिला नाही याची खात्री करायची आणि शहाबादी फरशीवर सोडून द्यायची. सरळ घरंगळत नाही, वळून येते, म्हणून त्याला फार आवडते. मागाच्या खोलीला खालून फळी मारली.

टिळकवाडी

कुंद्याचा रिकामा खोका! यापुढे काही विकत घ्यावं लागत नाही. मोठा हवा असेल तर मिक्सरचा, टीव्हीचा. नेदरलँड्समधे 2014 साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर एक अभ्यास झाला होता. लपायला खोका मिळालेली मांजरं बाकीच्यांपेक्षा लवकर स्थिरावली. आमच्या भाटीला, म्हणजे मांजरीला, पाहुणे आले की खोका लागतोच. मात्र खोक्याची पिन, चिकटपट्टी आणि रबर काढून टाका. रबर सगळ्यात आधी. मिठाईवाला दोन लावतो, त्यातलं एक हमखास खाली पडतं.

निपाणी

आमची आई विड्या वळायची, आता चुलती वळते. सुपात पानं, तंबाखू, दोरा. मांजराला पानांच्या कात्रणांचा कुरकुर आवाज लई आवडतोय, पंजानं उडवत बसतंय. बघणाऱ्याला मजा वाटते. पण त्या कात्रणाला तंबाखूची धूळ असतेच की. निकोटीन मांजराला विष हाय, थोडं पोटात गेलं तरी लाळ, उलटी, अंग थरथरणं सुरू. वर दोऱ्याचं वडगावच्या ताईंनी लिहिलंय तेच. काम चालू असताना मांजर माडीवर कोंडायचं, उठल्यावर झाडून घ्यायचं, मगच सोडायचं. आवाजच पाहिजे असंल तर जाड कागदाचा बोळा करून टाका. चांदीचा कागद मात्र नको, कुरतडून गिळतंय.

खानापूर तालुका, रानाच्या कडेला

आमचं मांजर बाहेर फिरणारं. सरडे, उंदीर, कधी बुलबुल, आणि एकदा चक्क जिवंत साप स्वयंपाकघरात. तेव्हापासून घरात हिला दमवायचं कसं याच्या मागे लागलो.

कळकाची बारीक काठी आणि तिला जुन्या धोतराची रुंद पट्टी. एवढंच खेळणं. खरी कला हलवण्यात आहे. बहुतेक लोक पट्टी मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येतो? पट्टी मांजरापासून लांब न्यायची, दाराआड अर्धी लपवायची, क्षणभर थांबवायची. मग बघा, बुबुळं मोठी होतात, मागचा भाग डावीकडे उजवीकडे हलतो आणि झेप. टक लावणं, दबा, पाठलाग, झडप, चावा, हा सगळा क्रम पुरा झाला पाहिजे. म्हणून शेवटी एकदा तिला पट्टी धरू द्यायची, मागच्या पायांनी लाथा मारू द्यायच्या. लगेच जेवण. जेवली की अंग चाटते आणि झोपते. रात्री तीनला अंगावर उड्या बंद झाल्या त्या यामुळेच. संध्याकाळी जेवणाआधीची वेळ उत्तम, मांजर भुकेलं असताना जास्त जोमानं खेळतं. दहापंधरा मिनिटं पुरतात. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर थांबायचं.

इंग्लंडमधे 2021 साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 5 ते 10 मिनिटं मालकाबरोबर खेळणाऱ्या मांजरांनी घरात आणलेल्या शिकारी 25 टक्क्यांनी कमी झाल्या. जास्त मांस असलेलं खाणं दिलं तिथे 36 टक्क्यांनी. गंमत पुढे आहे. खाणं लपवून ठेवायची जी कोड्याची खेळणी मिळतात, त्यांनी शिकार उलट 33 टक्क्यांनी वाढली. तेव्हा बाहेर फिरणाऱ्या मांजरासाठी असली महाग खेळणी घेण्याआधी विचार करा. कायम घरात राहणाऱ्या मांजराची गोष्ट वेगळी, त्याला तेवढाच उद्योग होतो.

आमच्याकडे सरडे कमी झाले. सापाचा भरवसा देत नाही.

उद्यमबाग

लेझर लाइट. शिफ्टवरून आल्यावर खुर्चीतून उठायला नको, मांजर भिंतभर पळतंय. पन्नास रुपयांत काम झालं. काठीबिठी कोण हलवत बसणार.

चिकोडी, जनावरांच्या दवाखान्यात काम करते

उद्यमबागचे दादा, लेझरला माझी बंदी नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, आरशावरून आणि स्टीलच्या डब्यावरून परत फिरलेला किरणसुद्धा. दुसरं म्हणजे, त्या ठिपक्याला पंजात धरता येत नाही. काही मांजरं चिडतात, काही मग कुठल्याही सावलीमागे, भांड्याच्या चकाकीमागे धावत सुटतात. शेवटी ठिपका एखाद्या चेंडूवर किंवा खाऊवर नेऊन थांबवा, म्हणजे काहीतरी हाताला लागतं.

विकतचं खेळणं घेताना मी काय बघते ते सांगते. डोळे, नाक, घुंगरू बोटांनी ओढून बघायचं. माझ्या नखाने निघालं तर मांजराच्या दातांनी निघणारच. गोळा असेल तर तो पूर्ण तोंडात मावता कामा नये. सेलचं झाकण स्क्रूचं हवं. बटणासारखा चपटा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत जळते. रंग लाल असला काय नि नसला काय, मांजराला लाल नीट दिसत नाही. पिवळा, निळा बरा कळतो, पण हलणं आणि आवाज त्याहून महत्त्वाचे. आणि कपाटातल्या डांबर गोळ्या! पांढऱ्या, गोल, घरंगळणाऱ्या. मांजराला त्या खेळण्यासारख्याच दिसतात आणि नॅफ्थलीन त्याला घातक आहे.

दिवाळीच्या झिरमिळ्या, गणपतीच्या मखराची जर आणि संक्रांतीचा मांजा, या दिवसांत दवाखान्यात काय येतं ते विचारू नका.

शहापूर

आमचं मांजर आमचं एकट्याचं नाही. शेजारच्या अक्कांकडे ते दुपारचं जेवतं, तिथे ते कानडीत ऐकतं, आमच्याकडे मराठीत ऐकत नाही. अक्कांनी दाराच्या कडीला दोरीनं चेंडू बांधला होता, एकटं असताना खेळावं म्हणून. एके दिवशी दोरी मांजराच्या मानेभोवती गुंडाळलेली. अक्का घरातच होत्या म्हणून निभावलं. दोरीचं काहीही असो, माणूस समोर असतानाच. खेळ संपला की कपाटात.

हिंडलगा

पिल्लाला हात खेळायला देऊ नका. पिल्लू असताना गोड वाटतं. दात बदलतात, बोका मोठा होतो, हात तोच राहतो. आमच्या मुलाच्या मनगटावर अजून वण आहेत. जुना पायमोजा चिंध्या भरून, तोंड शिवून दिला की त्याला मिठी मारून लाथा झाडत बसतो.

कारवार

विकतच्या खेळण्यात कॅटनिप म्हणून सुकी पानं भरलेली असतात. पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. त्रास काही नाही, पण पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्या की साधारण तीनातल्या दोन मांजरांवरच परिणाम होतो, आणि अगदी लहान पिल्लांवर होतच नाही. आमच्याकडे परसात उगवणारी खोकली उपटली की मांजर मुळाशी येऊन लोळायला लागतं, तोच प्रकार. हुंगू देतो, चघळू देत नाही.

मासेमारीच्या घरांना मात्र वेगळं सांगणं. गळ आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, उंच ठेवा. तंगुसाला माशाचा वास असतो, म्हणून मांजर ते आवडीनं चावतं, आणि टोकाला गळ असला तर पुढचं सांगायला नको.

संकेश्वर

सगळे तरुण मांजरांचं लिहितायत. आमची भाटी म्हातारी आहे. तिच्यासाठी काठी हळू, जमिनीलगत. बसल्या जागी पंजा मारते, तेवढं पुरे. सगळी खेळणी एकदम समोर ठेवत नाही. दोनच बाहेर, बाकी डब्यात, आणि आठवड्याला अदलाबदल. जुनंच मोजं तिला नवं वाटतं. मधे तिनं खेळणं एकाएकी सोडलं. वय झालं म्हणून आम्ही सोडून देणार होतो, पण तपासलं तर दाढ किडलेली. काढल्यावर परत यजमानांचे मोजे चोरायला लागली.