मदत हवी आहे: गोव्यातल्या फोंड्यात ओला कचरा, पाचोळा आणि मळ्याचं खत यांचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या तीन सोसायट्या आणि दोन खानावळी यांचा ओला कचरा एकत्र करून त्याचं खत जवळच्या मळ्याला द्यायचं काम आम्ही काही जणांनी हाती घेतलं आहे. मळा म्हणजे शहराला लागून असलेली, पडीक राहिलेली भातखाचरं. मालकाने ती बचत गटाला वापरायला दिली आहेत. पाऊस सरला की गटातल्या बायका तिथे तांबडी भाजी, मुळा, वाल, भेंडी, चिटकी (गवार) करतात आणि सकाळी बाजारात नेऊन विकतात.

खत करणं आम्हाला जमतं. अडतं ते वेळेच्या गणितात. कचरा रोज येतो, पाचोळा मिळतो तो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, आणि खत लागतं दसऱ्याच्या आसपास, सगळ्यांना एकदम.

घरामागे रोजचा अर्धा किलो धरला तर साठ घरांचे तीस किलो होतात, महिन्याचे नऊशे. कुजून, चाळून साधारण पाचवा हिस्सा हाती येतो, म्हणजे १८० किलो. भाजीला हेक्टरी वीस टन खत धरलं तर चौरस मीटरला दोन किलो पडतं. आमचा मळा हजार चौरस मीटरचा, म्हणजे दोन टन. थोडक्यात, साठ घरांनी जवळजवळ वर्षभर कचरा दिला तर एका हंगामाचं खत होतं! हा आकडा काढल्यावर मला पहिल्यांदा कळलं की यात ‘जमेल तेव्हा’ असं चालणार नाही. जूनमध्ये तीन आठवडे काम थांबलं की ऑक्टोबरमध्ये दोन-तीन वाफे खताविना राहणार.

आणि थांबतं ते जूनमध्येच. एक बादली ओल्या कचऱ्याला किमान दोन बादल्या सुकं लागतं, नाहीतर चिखल होऊन वास सुटतो. त्या हिशेबाने पावसाच्या चार महिन्यांत शंभरावर पोती पाचोळा हवा. एप्रिलमध्ये आम्ही भरून ठेवलेली पोती गणपतीपर्यंतही पुरत नाहीत. त्याच एप्रिलमध्ये रोज सकाळी आमच्याच रस्त्यावर आंब्या-फणसाच्या पानांचे ढीग पेटवलेले असतात. ते बघून जीव तुटतो.

खानावळींचं दुखणं वेगळं. पिंपात केळीची पानं, भाजीची देठं, भात येतो, त्याचं सोनंच होतं. पण त्यातच हुमणाच्या (माशाच्या कालवणाच्या) उरलेल्या रसासकट काटे, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं, सॉसच्या पुड्या आणि टूथपिकं. आमच्याकडे निवडायला बसतात त्या दोघी बायका. त्यांच्या हाताला काटे लागतात आणि मला ते अजिबात मान्य नाही.

तर विचारायचंय ते असं. पावसाळ्यासाठी सुकं कुठून आणायचं आणि कुठे ठेवायचं? मासळीचं काय करायचं, कारण गोव्यात ‘मासळी नको’ म्हटलं तर निम्मी घरं गळतील? खानावळवाल्यांना न दुखावता शिस्त कशी लावायची? आणि तयार खत वाटताना आधी मळा की आधी कचरा देणाऱ्यांच्या कुंड्या, यावरून सोसायटीत कुरबूर सुरू झाली आहे. कुणी हे निभावलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कुळागरकर:
ताई, तुम्ही फोंड्यात आहात, मग सुक्याची चणचण कशी? आजूबाजूला एवढी कुळागरं (सुपारीच्या बागा) आहेत. सुपारी सोलून झाली की सालांचे ढीग पडलेले असतात. ती लवकर कुजत नाहीत हे खरं, पण ढिगात हवा खेळती ठेवायला त्यांच्यासारखं दुसरं नाही, आणि चाळणीत वर राहिलेली पुढच्या ढिगात परत टाकता येतात. दुसरं म्हणजे उसाच्या रसाच्या गाड्यावरचं चिपाड. ते एप्रिल-मेमध्ये भरपूर मिळतं. उन्हात दोन दिवस वाळवा, कोयत्याने वीतभर तुकडे करा आणि मग पोत्यात भरा. ओलं भरलंत तर पोत्यातच आंबतं. भातगिरणीचा तूस चालतो, पण थोडाच. नारळाची सोडणं (वरची साल) आणि शहाळी मात्र घेऊ नका, यंत्राने बारीक केल्याशिवाय ती वर्षभर तशीच राहतात. फर्निचरच्या दुकानातला प्लायवुडचा भुसाही नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

साठवणीचं म्हणाल तर पोती जमिनीवर कधीच ठेवू नका. खाली चिऱ्यांची एक ओळ, त्यावर फळ्या, वर पत्रा आणि पावसाच्या बाजूला माडाची चुडतं (झावळ्या). आणि पावसात खड्डा नको! आपल्या जांभ्या मातीत खड्डा भरला की खालचं पाणी वर येतं आणि सगळं कुजकं काळं होतं. ढीग जमिनीच्या वर, उताराच्या जागी, पत्र्याखाली करा. तयार खतही उघड्यावर ठेवू नका, पाऊस त्यातलं सत्त्व धुऊन नेतो.

म्हापसेकर:
मासळीला घाबरू नका, फक्त ती इतर कचऱ्यात मिसळून घेऊ नका. आमच्याकडे झाकणाची वेगळी बादली असते आणि ती फक्त बुधवारी आणि रविवारी घेतो. दोन वाटा आहेत. ढीग चारी बाजूंनी मीटरभर असेल आणि मध्ये हात घालवत नाही इतका तापला असेल, तर पोटात खळगा करून डोकी-आतडी त्यात पुरायची आणि वर वीतभर सुका थर द्यायचा. ५५ अंशांच्या वर ढीग तीन दिवस राहिला तर रोगजंतूंची भीती बरीच कमी होते. ढीग लहान किंवा थंड असेल तर मात्र मासळी घालूच नका, कुत्री एका रात्रीत सगळं उपसून काढतात.

दुसरी वाट म्हणजे ड्रममध्ये मासळीचा कचरा आणि तितकाच गूळ. झाकण जरा सैल ठेवा, वायू बाहेर पडायला हवा. महिन्याभराने गाळून घ्यायचं आणि लिटरभर पाण्यात दोन ते पाच मिली मिसळून पिकावर फवारायचं. तांबड्या भाजीला हे फार मानवतं. सुंगटांची (कोळंबीची) सालं ढिगात जिरतात. तिसऱ्यांची कवचं जिरत नाहीत, ती बाजूलाच काढा.

एक शंका:
साळगाव आणि काकोड्याला सरकारने प्रकल्प उभारलेत, तिथे ओल्या कचऱ्याचा गॅस होतो. मग हा खटाटोप कशासाठी? घंटागाडीला दिलं की झालं.

पणजीवाली:
प्रकल्प हवेतच. मडगावच्या सोनसोड्याचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी पाहिलाय त्यांना ते वेगळं सांगायला नको. पण तिथे गेलेलं जेवण आपल्या मातीत परत येत नाही, आणि या बायकांना तर खतच हवं आहे.

खानावळींबद्दल माझा अनुभव सांगते. मालकाशी बोलून उपयोग नाही, ताटं खरवडणाऱ्या मुलाशी बोलायला हवं. त्याच्या हाताशी दोन बादल्या ठेवा, हिरव्या बादलीत पानं, देठं, साली, लालमध्ये काटे-कवचं. ताटातला रस्सा आणि खारट उरलंसुरलं दोन्हींपैकी कुठल्याच बादलीत नको, मीठ वाढलं की रोपं करपतात. तुम्ही भरलेली बादली न्याल तेव्हा धुतलेली रिकामी परत द्या. हे फार महत्त्वाचं आहे, त्याला धुवावी लागली तर तो आठवड्याने सोडून देतो. बादलीत प्लास्टिक दिसलं तर ती बादली त्या दिवशी तिथेच ठेवायची, न रागावता. बायकांनी निवडत बसायचं नाही. आणि मोठं हॉटेल असेल तर मालकाला आठवण करून द्या की घनकचरा नियमांत दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकलेली आहे. तुम्ही त्यांचंच ओझं हलकं करताय.

वाटपाचं आधीच लिहून ठेवा. आम्ही दहातला एक हिस्सा घरांना देतो, तोही मार्चनंतर, कुंड्यांना घाई नसते. देण्याआधी मुळ्याचं किंवा मेथीचं बी थोड्या खतात पेरून बघा. नीट उगवलं नाही तर खत कच्चं आहे. कच्चं खत घातलं की पानं पिवळी पडतात आणि मग बायकांचा विश्वास जातो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चिपाडाचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बसस्टँडजवळच्या दोन गाड्यांवर विचारते. लाल-हिरव्या बादल्यांची कल्पना खानावळीतल्या मुलांना नक्की पटेल.

आणखी एक. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशी देवळं जवळ असल्याने निर्माल्य पुष्कळ मिळू शकेल, आणि चवथीनंतर माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांचं) सामानही. दोरे, जरी आणि प्लास्टिक देवळातच वेगळं काढण्याची पद्धत कुणी बसवली आहे का? आणि फोंड्यात कुणाकडे सकाळी आठपर्यंत मोकळा असणारा तीनचाकी टेंपो असेल तर इथेच कळवा. भाडं गट देईल, पण रोज यायला हवा.