सगळेच ऑरेलियस खानदानी कसे?

दगडवाचक :
परवाच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय की चौथ्या शतकातला मिलानचा बिशप अँब्रोस, म्हणजे ऑरेलियस अँब्रोसियस, नावावरूनच सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कुळातला. वाचून डोकं फिरलं. अहो, २१२ साली रोमन सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व वाटलं आणि नव्या नागरिकांनी त्याचंच कुळनाव लावलं : ऑरेलियस. इजिप्तचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे जुने दस्तऐवज, बघा. गाढव विकणारा ऑरेलियस, घेणाराही ऑरेलियस! चौथ्या शतकात तर तिथे फ्लेवियस म्हणजे सरकारी माणूस आणि ऑरेलियस म्हणजे रयत. आणि कुळ कसलं घेऊन बसलात? मार्कस स्वतः जन्माने अ‍ॅनियस, दत्तक गेला म्हणून ऑरेलियस. काराकालाच्या बापाने तर मेलेल्या मार्कसला परस्पर आपला बाप करून टाकलं, म्हणून काराकालाही ऑरेलियस.

सनातन_रोमन :
धागा माझाच होता, 'एकाने' कशाला म्हणता? अँब्रोसचे वडील गॉलचे (आजच्या फ्रान्सकडचे) प्रीफेक्ट, म्हणजे बडे सरकारी अधिकारी होते, हे त्याचा चरित्रकार पॉलिनस सांगतो. तो स्वतः बिशप होण्याआधी मिलानला प्रांताधिकारी होता. सोटेरिस ही हुतात्मा आपल्या घरातली आणि घराण्यात कॉन्सल (रोमचं मानाचं सर्वोच्च पद) होऊन गेले, असं त्यानेच लिहिलंय. गाढव विकणाऱ्याच्या घरात कॉन्सल होतात का?

दगडवाचक :
घर मोठं होतं, कोण नाही म्हणतंय? ते *नावावरून* ठरत नाही, एवढंच म्हणतोय. वाचता तरी नीट?

वसईची_माऊ :
दगडवाचकांना +१. आमचं आडनाव डिसोझा. पोर्तुगालला आमचं कुत्रंसुद्धा नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव चिकटलं, संपला विषय. तरी सोसायटीतल्या एक काकू दर गणपतीत विचारतात, "तुम्ही मूळचे तिकडचेच ना?"

काठावरचा :
घराणं गेलं खड्ड्यात. ३८८ साली सीरियातल्या कॅलिनिकमला ख्रिस्ती जमावाने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ जाळलं. सम्राट थिओडोसियस म्हणाला, तिथल्या बिशपने ते बांधून द्यावं. तर तुमच्या अँब्रोसने भर चर्चमध्ये सम्राटाला अडवलं, वचन घेतल्याशिवाय उपासना पुढे सुरू करेना. असल्या माणसाची वंशावळ कशाला उगाळताय?

वसईची_माऊ :
आणि ३९० मध्ये सम्राटाच्या सैनिकांनी थेसालोनिकात कत्तल केल्यावर त्याच सम्राटाला प्रायश्चित्त घ्यायला लावलं, ते कोणी? सोयीचं तेवढंच सांगायचं.

काठावरचा :
ताई, ते मान्यच आहे. पण सिनेगॉग जळलं तेव्हा हा बाणेदारपणा कुठे होता? सम्राटासमोर उभं राहायची हिंमत होती, ती जाळणाऱ्यांच्या बाजूने वापरली. हेच मला खुपतं.

वसईची_माऊ :
खुपू दे. पण ते काल वाचलं आणि आज इथे ओतलं, असं करू नका. चौथ्या शतकात दुसरा कुठला बिशप ज्यूंच्या बाजूने उभा राहिला, सांगा.

काठावरचा :
म्हणजे सगळेच तसे म्हणून हा सुटला? भारीच न्याय.

दगडवाचक :
अहो, धागा कुळनावाचा आहे!

सनातन_रोमन :
बरं बाबा, 'नावावरून' हा शब्द काढला. झालं समाधान? घराणं मात्र खानदानीच होतं, ते मी काढणार नाही.