गाडीखालचा पाइप वेगळा

अंगणातलं पावसाचं पाणी गेटबाहेर काढायला एसडब्ल्यूआर पाइप (घरातलं सांडपाणी, पावसाचं पाणी वाहून नेणारा पीव्हीसी पाइप) पुरेल, असं काही जण सांगतात. परसात चालून जाईल, पण गाडी जाते त्या पट्ट्यात नको. तो मुळात इमारतीसाठी. त्यातला 'ए' टाइप तर पन्हळीच्या पाण्याचा, पातळ. जमिनीखाली आयएस १५३२८ चा, म्हणजे पुरायच्या ड्रेनेज पाइपच्या भारतीय मानकाचा पीव्हीसी पाइप घ्या, गाडीखाली त्यातला एसएन ८ हा जास्त ताठ वर्ग. आमच्या गवंड्याने एसडब्ल्यूआर जांभ्याच्या खड्यांतच पुरला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी तुंबलं म्हणून उकरला, तर चाकाखाली चपटा झालेला आणि एक खडा थेट आत घुसलेला! आता खाली-वर बारीक खडी, मीटरला सेंटिमीटरभर उतार. ह्यूम पाइपही (सिमेंट काँक्रीटचा) चालेल, त्यात वाहनांचा भार घेणारा एनपी ३ वर्ग बघून घ्या. उचलायला मात्र माणसं लागतात.