गुलाबी यीस्ट नवी प्रजाती आहे हे कसं ठरवायचं?

ठिपकेवाली:
एमएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. मुळशीला मावशीच्या घरामागे अंजनीचं झाड आहे. तिचं पान व्हॅसलीन लावून पेट्री प्लेटच्या झाकणाला आतून चिकटवलं, खाली वायएम अगर (यीस्ट वाढवायचं जेलीसारखं माध्यम). चौथ्या दिवशी अगरवर गुलाबी ठिपके, तेही नेमके पानाच्या आकारात! प्रजाती ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या डी१/डी२ भागाचं सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्यातली बेसची (डीएनएच्या अक्षरांची) ओळ वाचली. सगळ्यात जवळच्या प्रजातीशी ५८० पैकी ११ बेस जुळत नाहीत. नवी प्रजाती म्हणू का? गाईड म्हणतात, एका स्ट्रेनवर (एकाच नमुन्यातून वाढवलेल्या वाणावर) उड्या मारू नकोस.

निवृत्त_पेट्री:
गाईड बरोबर आहेत. कुर्त्झमन आणि रॉबनेट या यीस्ट-अभ्यासकांनी १९९८ साली शेकडो यीस्ट तपासून अंदाज दिला, की या भागात एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर प्रजाती बहुधा वेगळी. तुझा जवळजवळ दोन टक्के. पण 'बहुधा'खाली रेघ मार, आणि आयटीएस या डीएनएच्या दुसऱ्या भागाचंही सिक्वेन्सिंग करून घे.

त्याआधी एक फुकटातली परीक्षा. झाकणावरून वाफेचा थेंब पडला तरी खाली ठिपके येतात. म्हणून शुद्ध कल्चरने प्लेटवर काहीतरी गिरव आणि ती कोऱ्या अगरवर पालथी घाल. खाली त्याचंच आरशातलं रूप उमटलं तर यीस्ट खरोखर बीजाणू उडवतंय. यांना आरसा-यीस्ट म्हणतात ते यामुळेच. थायलंडमधल्या पानांवरून नाकासे आणि सहकाऱ्यांनी कितीतरी नव्या प्रजाती काढल्या, त्या अशा उडणाऱ्या बीजाणूंच्या जोरावर.

माझ्या पहिल्या गुलाबी कॉलनीचे मी अख्ख्या लॅबला पेढे वाटले होते. निघाली नेहमीचीच गुलाबी यीस्ट, ऱ्होडोटोरुला म्युसिलॅजिनोसा, बहुतेक माझ्याच हातावरची. ती काही उडवत नाही. पेढे मात्र उडाले.

बावधनकर:
नाव छापण्याआधी बुरशींच्या नावांच्या मायकोबँकेसारख्या नोंदवहीतून क्रमांक घ्यावा लागतो, आणि टाइप (नाव ज्यावरून दिलं तो मूळ नमुना) निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे उदाहरणार्थ गोठवून-सुकवून, संग्रहात ठेवावा लागतो. आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे चौकशी करा. रिक्षावाल्याला 'आगरकर रस्ता' सांगा. संस्था आघारकर, रस्ता आगरकर, माणसं दोन. मी एकदा यावरून वाद घालून हरलोय.

ठिपकेवाली:
काका, 'म' गिरवला होता, खाली उलटा 'म' आलाय! फिका आहे, पण आहे. आता गोची अशी, की मावशीकडे अंजनीची तीन झाडं आहेत आणि पान कुठल्याचं ते मी लिहिलंच नव्हतं.

निवृत्त_पेट्री:
तिन्हींची आण. आणि आधी पाकिटावर लिही, मग पान तोड.