बंद पडलेल्या पालिका शाळा बेघर निवाऱ्याला द्याव्यात का? (चर्चाधागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं नाव)

ओसरी

पट घसरला म्हणून महापालिकांच्या कितीतरी शाळा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. इमारती कुलूप लावून उभ्या आहेत. दुसरीकडे 2011 च्या जनगणनेत देशात 17.7 लाख बेघर मोजले गेले, त्यातले सुमारे 9.4 लाख शहरांत. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकलेली, त्यामुळे पुलाखाली किंवा बंद दुकानाच्या फळीवर झोपलेला माणूस सुटला असणारच.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे की मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत वापरात नसलेली सरकारी इमारत दुरुस्त करून निवारा करायची सोय होती. मग नव्या बांधकामाची निविदा कशाला? आधी बंद इमारतींची वॉर्डवार यादी लावा आणि त्यातून निवडा. जागा लोकांची, पैसा लोकांचा, आणि लोक फुटपाथवर, हे पटत नाही.

जमाखर्च

सहमत नाही. अडचण जागेची नाहीच, चालवण्याच्या पैशाची आहे. अभियानात 50 जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला 6 लाख धरलेले, तेही पाच वर्षांपुरते. म्हणजे महिन्याला 50 हजार. चोवीस तास दार उघडं ठेवायचं तर तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक आणि सुट्टीचा बदली एक, असे चार लागतातच. माणशी 12 हजार धरले (आणि हे कमीच आहेत) तरी 48 हजार गेले. उरलेल्या 2 हजारांत वीज, फिनेल, चादरी धुणं आणि व्यवस्थापक बसवून दाखवा.

त्यात पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्र (आधीचा पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला) गेल्यावर येतो. तो अडकला की निवारा चालवणारी संस्था पदरचे घालते, मग पगार थकतात, मग रात्रपाळीचा माणूस यायचा थांबतो आणि चोवीस तासांचा निवारा रात्री दहाला कुलूपबंद होतो. फुकट इमारत मिळाली म्हणून यातलं काहीही बदलत नाही. वर मोक्याची जागा कायमची अडकते ती वेगळीच.

गज_आणि_गिलावा

पैशाचा वाद चालू द्या, मी इमारतीबद्दल लिहितो. "शाळा आहेच, खाटा टाकल्या की झालं" असं समजणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट संरचनात्मक तपासणी. तीस वर्षांवरच्या इमारतीला ती तशीही सक्तीची (1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 265अ). शेरा सी-1 आला तर विषय संपला, पाडायचीच. सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. निवाऱ्यासाठी सी-2ब आणि सी-3 एवढ्याच बघा. आणि नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून वरचा कडकपणा मोजायचं यंत्र) आकड्यावर जाऊ नका. कार्बोनेशन झालेलं (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेलं) काँक्रीट वरून कडक असतं, हॅमर चांगला आकडा देतो आणि आत गज गंजून फुगलेला असतो. दोन-चार कोअर (काँक्रीटचे आतले नळकांडी नमुने) काढा, गजाचा गंज कळायला हाफ-सेल चाचणी करा. गच्चीच्या पत्र्याखाली आणि शौचालयालगतच्या खांबांत हटकून सापडतं.

दुसरी गोष्ट क्षमता. वर्गखोली साधारण 20 बाय 25 फूट, म्हणजे 500 चौरस फूट. माणशी 50 चौरस फुटांच्या निकषाने दहा जण. सहा खोल्यांच्या शाळेत कागदावर 60. पण एक खोली कार्यालय आणि सामानाच्या कपाटांना जाते, एक स्वयंपाक-जेवणाला. राहिले 40. दुमजली लोखंडी खाटा टाकून आकडा फुगवायचा मोह होतो. तेव्हा छतापासून लोंबणाऱ्या पंख्याची उंची आधी मोजा. वरच्या खाटेवर उठून बसणाऱ्याचं डोकं थेट पात्यात जातं. पंखे भिंतीवर घ्यायचे किंवा खाटा एकमजली ठेवायच्या.

तिसरी आणि खरी अडचण मोरीची. पाणी पुरतं. शाळेची टाकी मुलामागे 45 लिटरने काढलेली असते, 200 मुलांची म्हणजे 9,000 लिटर. राहणाऱ्या माणसाला 135 लिटर धरलं तरी 40 जणांचे 5,400 होतात. पण शाळेत मुताऱ्या भरपूर, संडास दोन-तीन आणि न्हाणीघर शून्य. मजुरीसाठी नाक्यावर उभं राहणारे सगळे पहाटे पाच ते सातमध्येच आंघोळ करणार. आठ जणांमागे एक संडास आणि एक न्हाणीघर नसेल तर रांग लागते, भांडणं होतात आणि लोक मागच्या भिंतीला बसतात. न्हाणीघरं तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीला लावून नवीन बांधा. वरच्या मजल्यावर मोरीला लागतो तसा खोलगट स्लॅब नसतो. तिथे फरशीवर उतार काढून मोरी केली की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीत ठिबकायला लागते, आणि त्या ठिबकण्याने परत गज गंजतात.

नाका_पहाटे

क्षमता 40 हा आकडासुद्धा कोणाचे 40 त्यावर आहे. एकट्या पुरुषांसाठी ठीक. कुटुंब आलं की बाईला एका खोलीत आणि नवऱ्याला दुसरीत झोपवायचा नियम लावतात, आणि ते कुटुंब दुसऱ्या दिवशी परत फुटपाथवर. खोलीत सहा-सात फुटी प्लायचे आडोसे करून दोन किंवा तीन कुटुंबं, बस. बायकांच्या निवाऱ्याला जिना आणि दार स्वतंत्र हवं. एका जिन्याच्या शाळेत वर बायका, खाली पुरुष हा बेत कागदावरच बरा दिसतो.

शिवाय शाळा कुठे आहे ते बघा. निकष सांगतात की निवारा स्टेशन, एसटी स्थानक, घाऊक बाजार यांच्या जवळ हवा. बंद शाळा निघतात वस्ती हलली तिथे. मार्केट यार्डात पहाटे चारला हमाली मिळते, तो माणूस आठ किलोमीटरवर झोपायला जाणार नाही. मग "निवारे रिकामे पडतात, यांना फुटपाथच आवडतो" असा शेरा मारायला सगळे मोकळे.

जमाखर्च

म्हणजे तपासणी, दुरुस्ती, न्हाणीघरं, आडोसे, आणि एवढं करून जागा चुकीची! तोच निधी भाड्याच्या खोल्यांना द्या ना. पालिकेने बाजाराजवळच्या खोल्या घ्यायच्या आणि कुटुंबांना राहू द्यायचं. फिनलंडने 2008 पासून आधी घर, बाकी नंतर हेच धोरण धरलं आणि निवाऱ्यांच्या खाटा कमी करत नेल्या.

ओसरी

फिनलंडचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. तिथे बेघरांना सदनिका देणारी मोठी संस्था 1985 पासून घरं विकत घेऊन स्वतःकडे ठेवते आहे. खाटा कमी करता आल्या त्या हातात सार्वजनिक घरं होती म्हणून. हेलसिंकीत तर जुन्या निवाऱ्याच्या इमारतीच आतून बदलून छोट्या सदनिका केल्या.

आपल्याकडे भाड्याच्या खोलीला अनामत, ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत करार लागतो. यातलं एकही बेघर माणसाकडे नसतं. करार पालिकेच्या नावाने केला तरी अकरा महिन्यांनी मालक वाढ मागतो किंवा खोली काढून घेतो. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात बांधून पडून राहिलेल्या घरांसाठी केंद्राने 2020 मध्ये भाडेतत्त्वाची योजना आणलीच होती. चंदीगड, सुरत अशा मोजक्या ठिकाणी ती हलली. पण भाडं देऊ शकणाऱ्या कामगारासाठी ती ठीक, फुटपाथवरून थेट तिथे कोण जाणार?

खर्चाचं तुमचं गणित मात्र मान्य. 6 लाखांत निवारा चालत नाही. फरक पालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष उघडून भरला पाहिजे. "इतर कल्याणकारी कामे" अशा मोघम शीर्षात टाकला की मार्चमध्ये वळवला जातो.

ताबापावती

जागा कायमची अडकते या मुद्द्यावर. अडकते, पण भाडेपट्टा केला तर. महापालिका अधिनियमाचं कलम 79 बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात मालमत्ता द्यायला आडवं येतं, मग प्रस्ताव सर्वसाधारण सभा आणि शासन यांच्यात फिरत बसतो. निवाऱ्याला भाडेपट्टा लागतच नाही. मालकी आणि ताबा पालिकेचा, संस्थेशी फक्त व्यवस्थापनाचा करार, दोन किंवा तीन वर्षांचा. वीज-पाण्याची जोडणी पालिकेच्याच नावावर ठेवा. संस्थेच्या नावावर गेली की काही वर्षांनी तीच बिलं वहिवाटीचा पुरावा म्हणून पुढे येतात.

आरक्षणाचंही बघावं लागतं. विकास आराखड्यात भूखंड प्राथमिक शाळेसाठी असेल तर कायमच्या बदलाला नगररचना अधिनियमाच्या कलम 37 ची फेरबदल प्रक्रिया लागते. त्यात वर्षं जातात. म्हणून ठराव तात्पुरत्या वापराचा करा.

गज_आणि_गिलावा

+1. अग्निशमनाचं राहिलं. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याचा खर्च कोण करणार हे करारात लिहा, नाहीतर पालिका संस्थेकडे बोट दाखवते आणि संस्था पालिकेकडे. आणि मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद करू नका. चोरीच्या भीतीने सगळीकडे तेच करतात.

जमाखर्च

लेखाशीर्ष वेगळं आणि करार दोन वर्षांचा असेल तर विरोध निम्मा कमी करतो. बाजाराजवळची शाळा असेल तरच, ही अट सोडणार नाही. लांबच्या इमारतींवर एक रुपयासुद्धा नको.

ताबापावती

ठीक. मग त्या जवळच्या शाळेतल्या दोन गोष्टी आधीच तपासा. एक, "रिकाम्या" इमारतीत दोन-तीन खोल्या मोडक्या बाकांनी भरलेल्या असतात. ती बाकं जडसंग्रह (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत आहेत, निर्लेखन म्हणजे नोंदीतून रीतसर कमी झाल्याशिवाय कोणी हलवत नाही आणि शिक्षण विभाग चावी सोडत नाही. इमारतीचा प्रस्ताव गेला त्याच दिवशी निर्लेखनाचाही पाठवा. दोन, ही शाळा मतदान केंद्र आहे का. असेल तर मतदानाच्या आदल्या दिवशी पथक साहित्य घेऊन येतं आणि 40 माणसं सामानासकट बाहेर. केंद्र हलवायचा अर्ज मतदार यादीच्या पुनरीक्षणाआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. आचारसंहिता लागल्यावर तो कोणी हातातसुद्धा घेत नाही.