रिपोर्टसाठी वेगळं डेटा वेअरहाऊस : गरज की हौस?

रात्रपाळी :
आमचं ईआरपी (कंपनीचे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. महिनाअखेरीला अकाउंट्सवाले थकबाकीचा रिपोर्ट लावतात आणि तिकडे इनव्हॉइस काढणाऱ्यांच्या स्क्रीनवर चक्र फिरत बसतं. यावर उपाय म्हणून डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी डेटाचा वेगळा साठा, उभारायचा प्रस्ताव आलाय. माझ्या मते ही निव्वळ हौस आहे. एक रीड रेप्लिका (मुख्य डेटाबेसची फक्त वाचता येणारी, सतत ताजी होणारी नक्कल) टाका, रिपोर्ट तिकडे वळवा, विषय संपला. अख्खा डेटाबेस १०० जीबीसुद्धा नाही. तेवढ्यासाठी रात्रीचे ईटीएल जॉब (डेटा उचलून वेअरहाऊसमध्ये भरणारे), ते पडले की उठणारा माणूस (म्हणजे मीच), आणि सकाळी "आकडे कालचेच का दिसतायत?" हे ऐकून घेणं. कशाला?

आकडेमोड :
रेप्लिकावर जड क्वेरी चालवून पाहिलीत का? मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने (पोस्टग्रेसची साफसफाई) जुन्या ओळी झाडल्या आणि रेप्लिकावरच्या क्वेरीला त्याच हव्या असल्या, तर रेप्लिका डीफॉल्टने ३० सेकंद थांबते आणि मग क्वेरी रद्द करते. मुदत वाढवली तर रेप्लिका मागे पडते. हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकाला अजून कोणत्या ओळी हव्यात ते मुख्य सर्व्हरला कळवणारी सोय) चालू केला तर मुख्य सर्व्हरवर मेलेल्या ओळी साठतात. शिवाय रेप्लिकावर रिपोर्टपुरता वेगळा इंडेक्सही टाकता येत नाही.

पण वेग बाजूला ठेवा. एक ग्राहक मागच्या वर्षी उत्तर विभागात होता, यंदा त्याला पश्चिमेत हलवला. ईआरपीत काय झालं? ग्राहक मास्टरमधलं एक खानं बदललं, जुनं पुसलं गेलं. आता मागच्या वर्षीचा विभागवार रिपोर्ट काढा. त्याची सगळी जुनी खरेदी पश्चिमेच्या नावावर! तेव्हा छापलेला कागद एक सांगतो, स्क्रीन दुसरंच, आणि उत्तरेचा मॅनेजर तो कागद घेऊन तुमच्या टेबलाशी उभा. रेप्लिका यात काय करणार? तीही तेच पुसलेलं खानं दाखवणार.

वेअरहाऊसमध्ये याला टाइप टू म्हणतात. जुनी ओळ ठेवायची, तिला "पर्यंत" तारीख लावायची, नवी ओळ "पासून" घालायची. विक्रीची नोंद त्या वेळच्या ओळीला बांधलेली राहते.

रात्रपाळी :
त्याला एक ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) आणि जुन्या ओळींचं एक हिस्टरी टेबल पुरतं. वेअरहाऊस कशाला?

आकडेमोड :
विकत घेतलेल्या ईआरपीच्या टेबलांवर ट्रिगर? पुढचा अपग्रेड आला की तो टिकला का ते आधी बघावं लागेल. सपोर्टवालेही पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतील.

अर्धविराम :
मी रात्रपाळींच्या बाजूने. वेअरहाऊस बांधून पोळलोय. आमचा लोड "मागच्या वेळेनंतर बदललेल्या ओळी आणा" या तत्त्वावर होता, म्हणजे बदलाच्या वेळेच्या कॉलमवर भरवसा. डिलीट झालेल्या ओळीला कसली आलीय बदलाची वेळ? ती ओळच नाही! ईआरपीतून रद्द होऊन गायब झालेल्या ऑर्डरी आमच्याकडे भुतासारख्या नांदत होत्या. त्यात कुणीतरी थेट एसक्यूएलने भाव सुधारले, वेळेचा कॉलम हलला नाही, ते बदलही आले नाहीत. पुढे डेटाबेसच्या लॉगवरून बदल उचलणारं सीडीसी बसवलं, तेव्हा सुटलो. पण ते सांभाळायलाही माणूस लागतोच. प्रस्तावात हा माणूस धरलाय का ते आधी बघा.

जमाखर्च :
मी तांत्रिक नाही, रिपोर्ट वापरणारी आहे. आमच्याकडे वेअरहाऊस आल्यावर पहिल्याच महिन्यात डॅशबोर्डवरची विक्री आणि लेजरमधली विक्री जुळेना. सेल्सवाले ऑर्डरच्या तारखेने मोजत होते, आम्ही इनव्हॉइसच्या. क्रेडिट नोटा वेगळ्या टेबलात होत्या, त्या कुणी आणल्याच नव्हत्या. हे भांडण आधीही होतंच, पण जो तो आपापल्या एक्सेलमध्ये भांडत होता. आता एकदाच, सगळ्यांसमोर भांडलो.

आकडेमोड :
हे खरं काम. जुना वाद इथे कामाला येतो. १९९२ च्या सुमारास बिल इन्मन यांनी मांडलेली वाट अशी, की आधी सगळ्या संस्थेचा नॉर्मलाइज्ड (एक माहिती एकाच जागी ठेवणारा) साठा बांधा, मग त्यातून विभागांना वाटा. १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांनी उलटं मांडलं : एकेक व्यवहार घ्या, स्टार स्कीमा करा (मधे व्यवहारांचं फॅक्ट टेबल, भोवती वर्णनाची डायमेन्शन टेबलं), ग्राहक आणि तारखेची डायमेन्शन टेबलं सगळीकडे सामाईक ठेवा. रात्रपाळी, तुम्हाला धसका पहिल्या वाटेचा आहे, आणि १०० जीबीच्या आत तो रास्तही आहे. पण फक्त इनव्हॉइसच्या ओळी घ्यायला काय हरकत आहे? इनव्हॉइसची एक ओळ म्हणजे फॅक्टची एक ओळ, क्रेडिट नोट उणे. बाकीचं ईआरपी तिकडेच राहू द्या.

रात्रपाळी :
ठीक. रेप्लिकाचा हट्ट सोडतो. महिनाअखेरीला रात्री थकबाकीचा आणि विभागांचा फोटो काढून वेगळ्या स्कीमात (डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात) ठेवतो. इनव्हॉइसच्या ओळीही तिथेच. पण वेअरहाऊस नाही.

आकडेमोड :
याला पीरिऑडिक स्नॅपशॉट म्हणतात. अभिनंदन, बांधायला घेतलंत.

रात्रपाळी :
नाव काही द्या, नवा सर्व्हर घेणार नाही.

जमाखर्च :
एक विचारू? फोटो महिनाअखेरीच्या रात्री काढणार, पण आम्ही मागच्या तारखेच्या एंट्री पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत टाकत असतो. तुमच्याकडे नाही टाकत?

रात्रपाळी :
टाकतात. मग ५ तारखेनंतर काढतो.

जमाखर्च :
दोन्ही काढा. पहिला पुसू नका. ऑडिटर विचारतो, ३० तारखेला काय दिसत होतं.