पोर्टलंडच्या आइस कार्यालयाबाहेरचा बंदोबस्त कोणाच्या अखत्यारीत येतो?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)
माझी मुलगी अमेरिकेत पोर्टलंडला शिकते. तेथील साउथ मॅकॅडम ॲव्हेन्यूवर 'आइस' या केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेची इमारत आहे. जून २०२५ पासून तिच्यासमोर निदर्शने होत आली, वर्गातील मुले फलक घेऊन जातात, आणि आपणही जावे का, असे ती मला विचारते. शहराचे पोलीस बाजूला राहतात आणि अश्रुधूर केंद्राचे अधिकारी सोडतात, असे तिने सांगितले. आपल्या रीगल चौराह्यावर धरणे असले, तर टीआयपासून (ठाण्याच्या निरीक्षकापासून) आयुक्तांपर्यंत जबाबदार कोण हे ठाऊक असते. तेथे काही विपरीत घडले तर जाब कोणाला विचारायचा?

उत्तर (वकील, राजेंद्रनगर)
ताई, इंदूर विमानतळाच्या आत सीआयएसएफ असते आणि बाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा असतो, तशीच ही विभागणी आहे. इमारतीचे रक्षण फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिस या केंद्राच्या सुरक्षा दलाकडे आहे. तिच्या प्रवेशमार्गावर हद्द दाखवणारी निळी रेघसुद्धा ओढलेली आहे. मात्र इमारत आणि आतील माणसे यांच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापुरते हद्दीबाहेर येण्याची मुभा कायदा केंद्राच्या अधिकाऱ्यांना देतो, आणि 'आवश्यक तेवढे' म्हणजे किती, यावरच खरा वाद आहे. शिवाय स्थलांतरितांची धरपकड करण्यासाठी स्थानिक पोलिसांना वापरण्यास ओरेगन राज्याने १९८७ मध्येच मनाई केली.

उत्तर (निवृत्त पोलीस अधिकारी, स्नेहलतागंज)
ती मनाई धरपकडीपुरती आहे. रस्त्यावर कोणी जखमी झाले किंवा दोन गट भिडले, तर शहर पोलिसांना अंग काढून घेता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. बंदोबस्ताच्या जागी हुकूम देणारा अधिकारी एकच असावा लागतो. आपल्याकडे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १४८ प्रमाणेही आधी जमावाला पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, बळ त्यानंतर. तो हुकूम मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला पाहिजे, निघून जायला एक वाट मोकळी ठेवली पाहिजे आणि पुरेसा वेळ दिला पाहिजे. दोन दले आपापल्या मर्जीने वागू लागली, की मागे शांतपणे उभ्या असलेल्या मुलीला कोणत्या बाजूला पळावे हेच कळत नाही, आणि मला काळजी तिचीच वाटते.

उत्तर (वकील, राजेंद्रनगर)
साहेबांचे म्हणणे मला पटते. जाब विचारण्याची जागा मात्र तेथे शेवटी न्यायालयच आहे. ओरेगनच्या नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाला, या इमारतीसाठी पाठवण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश न्यायाधीश कॅरिन इमरगट यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी तात्पुरता रोखला, आणि त्यांची नेमणूक ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीतली आहे. फुटपाथबद्दल बोलायचे, तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्याच इमारतीभोवतीच्या फुटपाथवरही फलक धरण्याचा नागरिकांचा हक्क १९८३ मध्येच मान्य केला होता. तरीही विद्यार्थी व्हिसावर असताना अटक झाली, तर पुढे अडचण येऊ शकते. तिने रेघेच्या अलीकडे उभे राहावे आणि पांगण्याचा पहिला हुकूम ऐकताच निघावे.

प्रश्नकर्ती
आज रात्री तिच्याशी बोलते. जाऊ नकोस असे मी म्हणणार नाही; रेघ कोठे आहे आणि निघण्याची वाट कोणती, हे आधी दिवसा जाऊन पाहून ये, एवढे सांगेन.